एक्सएसएलटी कॅश अपडेट: इनक्लूडवाली भानगड मिटली

तर एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा) वापरून एक्सएमएलची एचटीएमएल पानं बनवणारा माझा टाइमपास प्रोजेक्ट पुढे सरकलाय. प्रोफाइलर लावून बघितलं तर प्रत्येक रिक्वेस्टला खरं ट्रान्सफॉर्म होण्यापेक्षा स्टाइलशीट (रूपांतराचे नियम लिहिलेली फाइल) पार्स आणि कंपाइल होण्यातच जास्त वेळ जात होता, माझ्या एक्सएमएल फायली चिटुकल्या आणि स्टाइलशीट मात्र ढीगभर इनक्लूडची, म्हणजे आत ओढलेल्या दुसऱ्या स्टाइलशीटची, त्यामुळे होणारच म्हणा.

उपाय सगळ्यांना माहितीये, जावात न्यूट्रान्सफॉर्मरला थेट सोर्स द्यायचा नाही, न्यूटेम्प्लेट्स करून तो टेम्प्लेट्स ऑब्जेक्ट (कंपाइल झालेली स्टाइलशीट) मॅपमध्ये ठेवायचा, हाच आपला कॅश. टेम्प्लेट्स थ्रेड-सेफ असतो (एकाच वेळी अनेक रिक्वेस्टनी वापरला तरी चालतो), प्रत्यक्ष रूपांतर करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून दर वेळी टेम्प्लेट्सकडून नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. ट्रान्सफॉर्मरचा पूल (पुन्हा पुन्हा वापरायचा साठा) बनवायच्या फंदात पडू नका, तो बनवणं स्वस्त आहे आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरवर आधीचे पॅरामीटर चिकटून राहतात, क्लिअरपॅरामीटर्स विसरलात की एकाचा डेटा दुसऱ्याच्या पानावर. हे सगळं बनवून देणारी फॅक्टरीसुद्धा थ्रेड-सेफ असेलच असं नाही, तेवढं कंपाइल लॉकमध्ये ठेवलंय.

खरी मजा पुढे. मेन फाइलची मॉडिफाइड वेळ बघून कॅश उडवणं सोपं, पण बदल आत कुठेतरी तिसऱ्या लेव्हलच्या इम्पोर्टमध्ये केला तर मेन फाइलला पत्ताच नाही आणि पान जुनंच दिसत राहतं! इम्पोर्ट शोधायला वेगळा पार्सर लिहिणारे पण बघितलेत, मला ते उगाच वाटतं, कारण प्रोसेसर स्वतःच त्या सगळ्या फायली मागतो की. फॅक्टरीवर स्वतःचा यूआरआय रिझॉल्वर (मागितलेली फाइल शोधून देणारा कोड) लावला, कंपाइल होताना जे जे इनक्लूड-इम्पोर्ट मागितलं जातं त्याची यादी वेळेसकट टेम्प्लेट्सच्या शेजारी ठेवली, आता यादीतलं काहीही हललं की अख्खी एंट्री बाद. रिझॉल्वरमधून परत दिलेल्या सोर्सवर सिस्टिम आयडी (फाइलचा मूळ पत्ता) लावायचा बरं का, नाहीतर आतल्या रिलेटिव्ह पाथची वाट लागते. आणि नवीन कंपाइल फेल झालं तर जुनं टेम्प्लेट्सच चालू ठेवतो, लॉगमध्ये शिव्या छापतो आणि बास.

एक कोपरा राहिलाय. स्टाइलशीटमधून दुसरी एक्सएमएल फाइल वाचणाऱ्या डॉक्युमेंट() फंक्शनने उघडलेल्या फायली या यादीत येत नाहीत, त्या रनटाइमला वाचल्या जातात. एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये तीच फाइल दोनदा मागितली तर तोच नोड मिळायची हमी आहे, पण पुढच्या ट्रान्सफॉर्मला पुन्हा पार्सिंग. स्टाइलशीटमध्येच लुकअप टेबल ठेवून डॉक्युमेंट('') करून ती स्टाइलशीटच वाचायची, ही १९९९ च्या एक्सएसएलटी १.० पासूनची जुनी युक्ती माझ्याकडे अजून आहे, म्हणजे कंपाइल वाचवलं तरी तीच फाइल डेटा म्हणून परत वाचली जातेच. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरवर वेगळा रिझॉल्वर लावून पार्स केलेला डॉम (फाइलची मेमरीतली ट्री) परत द्यायचा विचार आहे, फक्त डॉम एकाच वेळी अनेक थ्रेडनी वाचणं सेफ मानता येत नाही, म्हणून सॅक्सन या एक्सएसएलटी प्रोसेसरची स्वतःची ट्री वापरून बघणार.

आउटपुट एचटीएमएल कॅश करा असं काहींचं म्हणणं, पण माझ्याकडे पॅरामीटर इतके आहेत की प्रत्येक कॉम्बिनेशनची वेगळी कॅश-की होईल आणि साठवलेलं पान पुन्हा कामी येणं जेमतेम. ते नंतर, बहुतेक कधीच नाही.