शनिवारची फुकट वकिली

आजचा शनिवार पुन्हा जेलमध्ये. आम्हा चार वकिलांसमोर एक काका येऊन बसले. जन्मठेप, १७वं वर्ष चालू. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. राज्यपालांना स्वतःच्या हाताने लिहिलेला दयेचा अर्ज. त्यात राज्यघटनेचा अनुच्छेद १६१ (राज्यपालांचा शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार) सुद्धा बरोबर! फक्त सोबत निकालाची प्रत नाही, फर्लोवरून (कैद्याला मिळणाऱ्या ठराविक दिवसांच्या सुट्टीवरून) वेळेत परतल्याची नोंद नाही.

१४ वर्षं झाली की माणूस आपोआप सुटतो, असं काही वकीलही छातीठोकपणे सांगतात (कपाळ!). १४ वर्षांनी मुदतपूर्व सुटकेचा फक्त विचार होऊ शकतो, सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं. हे ऐकून काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मॅडम, अक्षर तरी नीट आहे ना?"

सोमवारी निकालाच्या प्रतीसाठी अर्ज टाकतेय.