बाबांची नाडी आणि एलडीएल

बाबांचं मनगट धरलं की कळतं: दोन ठोके पटापट, मग रिकामी जागा, मग एकदम जोरात एक. पर्वती चढताना फार धाप लागली म्हणून ईसीजी काढला, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र 84! आई म्हणाली, "कोलेस्टेरॉल चांगलं असताना हे कसं काय झालं?"

तिचा प्रश्न रास्तच आहे. एलडीएलमुळे रक्तवाहिन्या तुंबतात. इथे बिघाड आहे तो कर्णिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या, विजेच्या संदेशांत. उलट अमेरिकेतल्या एरिक अभ्यासात एलडीएल जास्त असलेल्यांत हा त्रास कमी आढळला. म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सोडायची? मुळीच नाही! थायरॉइडचं काम वाढलं की एलडीएल उतरतं आणि ठोकेही बिघडतात, म्हणजे मूळ कारण तिसरंच असू शकतं. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम आणि मेसा अभ्यासांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी असणाऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशनचा धोका अधिक दिसला. मला तरी यात सुटलेलं पोट आणि साखर यांचाच हात वाटतो.

खरी भीती गुठळीची. कर्णिका नीट आकुंचन पावत नाहीत, रक्त साचतं, गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मी स्वतः बाबांच्या हातावर ठेवते. थायरॉइडसाठी रक्त उद्या सकाळी द्यायचंय.