आवाज आधी, पाना नंतर

जुनी गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता जागीच चालू असताना, खडखडू लागली की मालकाच्या मनात पहिला विचार इंजिन उतरवण्याचा येतो आणि दुर्दैवाने पुष्कळ मिस्त्रींच्या मनातही तोच येतो. आमच्या गॅरेजची सारी वाटचाल या घाईच्या विरोधात झाली आहे, आणि दुसऱ्या कोणीतरी केलेल्या त्याच घाईने एकदा आमचे शटर जवळजवळ कायमचे खाली ओढले होते.

वडील बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापन केलेल्या त्या संस्थेबद्दल ते नेहमी सांगत, की कानशीने ठोकळा काटकोनात आणल्याशिवाय तिथे कोणी मशीनला हात लावू देत नसे. दांडिया बाजारातल्या बोळात दोन गाड्या मावतील एवढ्या जागेत त्यांनी आणि त्यांचे भागीदार भाई यांनी काम सुरू केले. हिशेब वडिलांचा आणि कान भाईंचा. भाईंकडे एक दोन फुटी डिसमिस होते. पेचकसाला आम्ही बडोदेकर मराठी माणसेही गुजरातीसारखे डिसमिसच म्हणतो. त्याचे पोलाद लाकडी मुठीतून थेट टोकापर्यंत आलेले होते. पाते इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मुठीला त्या जागी खळगा पडला आहे. आज माझा मुलगा तेच डिसमिस वापरतो आणि ते दुसऱ्या कामासाठी कोणालाही देत नाही.

मारुती 800 रस्त्यावर आल्यानंतरची वर्षे बरी गेली, त्यांत सांगण्यासारखे फारसे काही नाही.

पुढे रेसकोर्स रस्त्याच्या बाजूला एक मोठे वर्कशॉप उघडले. फरशी चकचकीत, गिऱ्हाइकांना बसायला वातानुकूलित खोली. आमच्याकडे घडलेली दोन मुले त्यांनी जास्त पगारावर नेली, त्याचे मला वाईट वाटले पण तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. मला शाळेत गणित शिकवणारे मास्तर आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, आणि त्यांच्या जुन्या 1489 सीसी अँबॅसडरचे बेअरिंग दोन वर्षांपूर्वी आम्हीच बदलले होते. मी बाहेरगावी असताना पुढचे ऑइल सील गळू लागले, म्हणून त्यांच्या पुतण्याने गाडी त्या वर्कशॉपमध्ये नेली. सील बदलून मिळाले. काही आठवड्यांनी आयडलवर खडखड सुरू झाली, तेव्हा तिथल्या मुख्य मिस्त्रीने पाच मिनिटांत निकाल दिला, की बिगएंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, जोडतो तिथले) गेले आहे, क्रँक घासावी लागेल आणि आधीच्या गॅरेजने हलका माल घातला होता.

हे शेवटचे वाक्य गावभर झाले. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके बोळाच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. बँकेचा हप्ता भरण्यासाठी मी कॉम्प्रेसर विकला आणि भाई, ज्यांचे तेव्हा गुडघे दुखत होते, त्यांनी स्वतःचा वाटा तीन महिने उचलला नाही. हे ऋण मी इथे लिहून ठेवतो.

मास्तरांनी मात्र गाडी उघडू दिली नाही. ते ती तशीच हळूहळू चालवत आमच्या दारात घेऊन आले आणि म्हणाले, “मी नटसुद्धा फिरवू दिलेला नाही. तू ऐक, मग बोल.”

आम्ही रात्रभर इंजिन थंड होऊ दिले आणि सकाळी सुरू केले. आयडलवर खडखड स्पष्ट होती, पण थोडी रेस दिली की नाहीशी होत होती. ऑइलची पातळी बरोबर होती. प्रेशरचे मीटर जोडले तर गरम इंजिनावर चालत्या वेगात 50 पौंडांच्या आसपास आणि आयडलवर 15 च्या वर दाब मिळाला. गेलेले बेअरिंग असा दाब सहसा देत नाही. एकेका प्लगची वायर अर्थ करून, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद पाडून, पाहिले. बिगएंडचा ठोका त्याच्या सिलिंडरवर ठळकपणे मंदावतो, इथे चारही ठिकाणी आवाज तसाच राहिला. क्लच दाबूनही फरक नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट नेमकी 15 थाऊ, म्हणजे इंचाचे 15 हजारांश. मग भाईंनी फॅनचा पट्टा काढायला लावला आणि आवाज एकदम बदलला, मोकळा आणि मोठा झाला. डिसमिस क्रँकच्या टोकावरच्या, तो पट्टा फिरवणाऱ्या पुलीकडे गेले. इंजिन बंद करून मी पुली दोन्ही हातांनी धरली, तर ती केसभर मागेपुढे हलत होती.

गाडी हाताने सुरू करायचे हँडल ज्यात लावतात तो पुलीचा पुढचा नट सैल होता, त्याखालच्या लॉक वॉशरचा नट अडवून धरणारा कान दुमडलेलाच नव्हता आणि पुलीला क्रँकवर अडकवून धरणारी चावी व तिची खाच दोन्ही झिजल्या होत्या. पुढचे सील बदलायचे तर हा नट काढावाच लागतो. तो शेवटी कोणी बसवला होता, हे मास्तरांना सांगावे लागले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना सांगतो, की पहिल्या दिवशी कोणालाही हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडू देऊ नका. सायलेन्सरचा क्लँप, उष्णतेपासून बचावाचा पत्रा, इंजिनाचे माउंटिंग हे आधी हाताने हलवून पाहा. पट्टा काढून इंजिन अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, कारण पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. मारुती 800 घेऊन गेल्यावर कोणी “टायमिंग चेन सैल झाली” म्हणाले तर गाडी परत आणा, कारण त्या इंजिनात चेन नसून पट्टा असतो. आणि आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल घालणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

नवी पुली, चावी आणि वॉशर यांचे बिल क्रँक घासण्याच्या खर्चापुढे किरकोळ झाले. मास्तरांनी ते बिल आणि झिजलेली चावी घेऊन त्या वर्कशॉपमध्ये जाऊन खुलासा मागितला, तेव्हा त्यांना चहा विचारण्यात आला, उत्तर दिले गेले नाही. गेलेली गिऱ्हाइके हळूहळू परतली, मधल्या काळाबद्दल कोणीच काही बोलले नाही आणि आम्हीही त्यांच्या गाड्या आत घेतल्या. “हलका माल” हे शब्द मात्र त्या वर्कशॉपने आजपर्यंत मागे घेतलेले नाहीत.