६२२ की ६३५? पंक्चरला टिकणारा टायर घेतानाचा माझा अनुभव

सायकलला दणकट टायर घ्यायचा असेल तर आधी जुन्या टायरच्या बाजूवर उठवलेले दोन आकडे वाचा. ब्रँड नंतर, किंमत नंतर. माझ्या हायब्रिड सायकलवर ३७-६२२ असं लिहिलंय. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायरची कडा रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. याला ईटीआरटीओ माप म्हणतात. इंचातल्या मापावर विसंबून पैसे भरू नका. हे एवढं ठासून का सांगतेय ते पुढे येईल.

मी चिंचवडहून भोसरी एमआयडीसीत सायकलने कामाला जाते. सायकलवाल्यांच्या वाट्याला रस्त्याची डावी कड येते आणि सगळा कचरा नेमका तिथेच साचतो. लेथची चिप म्हणजे धातूचा कीस, काच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या बारीक तारा. ही तार टायरमध्ये रुतून बसते, वरून दिसत नाही. पंक्चर काढून ट्यूब परत घातली की दुसऱ्या दिवशी तीच तार पुन्हा टोचते. पावसाळ्यात तर जास्तच, कारण ओलं रबर पटकन कापलं जातं. आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका शेवटी म्हणाले, "ताई, या ट्यूबला आता पॅच लावायला जागा नाही. आणि ट्यूब बदलून तरी काय होणार? टायर बघा की तुमचा, मधून गुळगुळीत झालाय."

टायर कोणता घ्यायचा हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये नक्षीच्या खाली ५ मिमी जाडीचा लवचिक रबराचा थर असतो. साध्या मॅरेथॉनमध्ये तो ३ मिमी. बारीक टायरच्या सायकलींसाठी कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन आहे. मी मॅरेथॉन प्लस ठरवला. टायर जड आहे, एकेक ९०० ग्रॅमच्या आसपास, आणि सुरुवातीला पायाला ते जाणवतं. पण सकाळी शिफ्टच्या वेळेवर गेटवर पोचायचं असतं त्याला ग्रॅम मोजून काय करायचंय?

एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या. "केवलार आहे" असं विक्रेता म्हणाला तर ते केवलार, म्हणजे चिवट कृत्रिम धागा, कुठे आहे ते विचारा. घडी घालता येणाऱ्या टायरच्या कडेला पोलादी तारेऐवजी केवलारचा दोर असतो. त्याने टायर हलका होतो, पंक्चर थांबत नाही. पंक्चर थांबवायला तो पट्टा नक्षीच्या खाली, पूर्ण रुंदीभर लागतो.

आता खरी गोष्ट. शहरातल्या दुकानांत त्या मापाचा टायर शिल्लक नव्हता, म्हणून एका ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याकडून दुसऱ्या एका कंपनीचा, पंक्चररोधक पट्टा असलेला टायर मागवला. पानावर स्पष्ट लिहिलं होतं: "७००सी / २८ इंच, हायब्रिडसाठी". ७००सी म्हणजे ६२२ चंच दुसरं नाव. पार्सल आलं, टायरच्या बाजूवर वाचलं तर ४०-६३५.

इथे थोडं थांबून सांगते, कारण गोंधळ सगळा इथेच आहे. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ६२२ च्या टायरलाच २८ इंची म्हणतात. श्वाल्बेच्या टायरवर ३७-६२२, २८ x १.४० आणि ७०० x ३५सी असं तिन्ही लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे २८ इंची म्हणजे आजोबांची काळी सायकल, जिच्यावरून दूधवाले कॅन न्यायचे. तिचं माप २८ x १½, आणि ते ६३५. दोन्ही "२८", आणि व्यासात फरक १३ मिमीचा. ६२२ च्या रिमवर ६३५ चा टायर हाताने सहज चढतो, म्हणून माणूस फसतो. हवा भरली की कडा रिमवरून निसटते, ट्यूब बाहेर फुगते आणि फुटते. चालत्या सायकलवर, मागे डंपर असताना हे झालं तर काय होईल याचा विचार करा.

मी कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर मापं घ्यायचा व्हर्नियर हातात असतो. १३ मिमी म्हणजे आमच्याकडे तो पार्ट सरळ भंगारात जातो. आणि विक्रेत्याकडून फोनवर बोलणारा मुलगा मला शांतपणे सांगत होता, "मॅडम, ७००सी म्हणजेच २८ इंच, तुम्हाला बरोबरच माल आलाय." मी म्हटलं, टायरवर ६३५ लिहिलंय, माझ्या रिमवर ६२२ कोरलंय, दोन्हीचे फोटो पाठवते. तर म्हणाला, फोटोवरून काही कळत नाही, रिमवर लावून दाखवा. म्हणून हवा न भरता टायर रिमवर नुसता ठेवला, कडेभोवती सुटलेली फट दिसेल असा फोटो काढला आणि पाठवला. उत्तर आलं: "टायर वापरलेला असल्याने परतीची विनंती नाकारण्यात येत आहे."

त्यांनीच लावायला सांगितलं आणि त्यांनीच वापरलेला ठरवला! पुन्हा विनंती टाकली तर कारणांच्या यादीत "वर्णनाप्रमाणे नाही" हा पर्यायच गायब, फक्त "आवडला नाही" आणि "गरज उरली नाही". प्रत्येक फोनला नवा माणूस, आणि प्रत्येकाला ६२२ म्हणजे काय इथपासून सुरुवात. मला आजही त्याचा संताप येतो. पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचा, की सायकलचे टायर विकणाऱ्याला टायरवरचे आकडे वाचायचेच नव्हते.

सुटका झाली ती नियम वाचल्यावर. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ऑनलाइन बाजारातला विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्काचा तपशील संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत शोधा. मी त्यांना मेल केला, सोबत तीन फोटो: विक्रीच्या पानाचा, टायरवरच्या आकड्यांचा, रिमवरच्या आकड्यांचा. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली. मग पैसेही परत आले आणि टायर न्यायला माणूसही आला. विक्रीच्या पानाचा फोटो ऑर्डर करतानाच काढून ठेवा. नंतर ते लोक मजकूर बदलतात. माझ्या बाबतीत "७००सी" हे शब्द मागाहून पानावरून उडाले होते, पण माझ्याकडे फोटो होता.

मॅरेथॉन प्लस नंतर एका सायकल दुकानातून सांगून मागवला. बसवायला फार ताठ आहे. सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट वॉल्व्हपाशी, म्हणजे बसलेली कडा रिमच्या मधल्या खोल भागात ढकलून थोडी ढिली करता येते. कडेला साबणाचं पाणी लावा. टायरवरचं नाव बरोबर वॉल्व्हपाशी येईल असं बसवा; पुढेमागे पंक्चर झालंच तर ट्यूबचं भोक टायरवर कुठे शोधायचं ते लगेच कळतं. रुतलेली तार शोधायला टायरच्या आतून बोट नाही, सुती फडकं फिरवा, तार असेल तिथे धागा अडकतो.

ट्यूबबद्दल सांगायचं राहिलं. ट्यूब ताणली जाते, त्यामुळे तिला ६२२ आणि ६३५ दोन्ही चालतात. श्वाल्बेची १७ नंबरची ट्यूब दोन्ही मापांसाठी येते. बघायची ती रुंदी, आणि वॉल्व्ह. मोटारीसारख्या जाड वॉल्व्हला रिमचं भोक साधारण ८.५ मिमी लागतं, बारीक प्रेस्टा वॉल्व्हला ६.५. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या दिशेने पडत असेल तर टायरचा दोष नाही, रिममधली स्पोकची टोकं झाकणारी पट्टी बदला. दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्यात रिमखाली चिमटली. हवेची किमान-कमाल मर्यादा टायरवरच असते. आठवड्याला एकदा घड्याळवाल्या पंपाने बघा, अंगठ्याने दाबून ताठ टायरचा अंदाज येत नाही.

आणि २६ इंची सायकलवाल्यांनी तर जास्तच जपून. माउंटन बाइकचं २६ म्हणजे ५५९, जुन्या लेडीज सायकलचं २६ x १⅜ म्हणजे ५९०. पाकिटावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत २६ च असतं.