पाळणाघराचा अर्ज आणि बारा शब्दांचा कागद

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही कायमस्वरूपी निवासाच्या व्हिसावर कोल्हापूरहून मेलबर्नला आलो, तेव्हा मुलगा दोन वर्षे सात महिन्यांचा होता. तो आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेला. पाळणाघर त्याला ठाऊक नव्हते आणि मराठीखेरीज दुसरी भाषा त्याच्या कानावर फारशी पडलेली नव्हती. नवरा आल्या आल्या नोकरीवर रुजू झाला, मी नोकरी शोधत होते आणि मुलाला सांभाळायला घरात तिसरे माणूस नव्हते. म्हणून घराजवळच्या एका बालसंगोपन केंद्रात अर्ज केला. प्रवेश दोन आठवड्यांत होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात सात आठवडे लागले.

पहिली अडचण लसीकरणाची आली. कोल्हापूरचे लसीकरणाचे कार्ड मी जपून आणले होते, बालरोगतज्ज्ञांचे पत्रही सोबत होते. केंद्राने दोन्ही परत केले. व्हिक्टोरिया राज्यात लसीकरणाच्या पुराव्याचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून आहे; त्यानुसार आता ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण नोंदवहीतून निघालेला मुलाचा उतारा असल्याशिवाय प्रवेश पक्का करता येत नाही. परदेशातले कार्ड किंवा डॉक्टरांचे पत्र त्याच्या जागी चालत नाही. पाळणाघराच्या शुल्कातला काही भाग ऑस्ट्रेलियाचे सरकार अनुदान म्हणून भरते, तेही याच नोंदवहीशी जोडलेले आहे. हे मला कोणी आधी सांगितले असते तर विमानतळावरून उतरल्याच्या आठवड्यातच मी दवाखाना गाठला असता.

दवाखान्यातील परिचारिकेने कार्ड समोर ठेवून एकेक नोंद संगणकात चढवली. कार्डावर नुसते ‘पेंटा’ असे लिहिलेले होते. त्या एका टोचणीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) या पाचही लसी असतात हे तिला माहीत होते, म्हणून तो भाग लवकर आटोपला. पण आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस असते, तीत गालगुंडाची नसते. कांजिण्या आणि मेनिंगोकोकलच्या (जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावरच्या) लसीही मुलाला दिलेल्या नव्हत्या. त्या इथे दोन खेपांत, मध्ये चार आठवडे सोडून, घ्याव्या लागल्या. आमचा सर्वाधिक वेळ यातच गेला.

दरम्यान अनुदानाचा अर्ज भरला. त्यात कुटुंबाच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज द्यावा लागतो. इथले आर्थिक वर्ष जुलैपासून सुरू होत असल्याने आम्ही येण्यापूर्वीचा भारतातला पगारही त्यात धरला. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे ८०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ९० टक्के अनुदान होते आणि त्यापुढे दर ५,००० डॉलरमागे ते एक टक्क्याने घटत होते. मात्र ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या ताशी कमाल दरावर लागू होते, केंद्राच्या पूर्ण शुल्कावर नाही. शिवाय अनुदानातील पाच टक्के रक्कम वर्षअखेरच्या हिशेबापर्यंत राखून ठेवतात.

तासांचा हिशेब त्याहून महत्त्वाचा ठरला. आई-वडिलांपैकी ज्याचे कामाचे तास कमी, त्याच्यावर अनुदानाचे तास ठरत. मी नोकरी शोधत असल्यामुळे आम्हाला पंधरवड्याला ३६ तास मिळाले. केंद्र बारा तासांचे सत्र लावते, आणि मुलाला चार वाजता घरी आणले तरी मोजले जातात ते पूर्ण बारा तास. त्या हिशेबाने पंधरवड्यात तीनच दिवस पदरात पडत होते. मी विचारल्यावर कळले की नऊ तासांचे सत्रही उपलब्ध आहे. ते घेतल्यावर आठवड्याचे दोन दिवस बसले. हे कोणी आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते. (जानेवारी २०२६ पासून पात्र कुटुंबांना कामाच्या अटीशिवाय पंधरवड्याला किमान ७२ तास मिळतात.) केंद्राने नोंदणी पाठवल्यावर सरकारी खात्यात जाऊन ती आपण मान्य करावी लागते, तोवर अनुदान सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अर्जाच्या शेवटच्या पानावर घरची भाषा, आहार आणि चालीरीती यांचे रकाने होते. आहारात मी केवळ ‘शाकाहारी’ न लिहिता अंडे आणि जिलेटिन नको असेही स्पष्ट लिहिले. भाषेच्या रकान्यात मात्र, मुलगा मागे पडलेला समजू नये या भीतीने, ‘इंग्रजी आणि मराठी’ असे लिहिले. ती माझी चूक होती, आणि तिचा त्रास मुलाला झाला.

पहिल्या आठवड्यात तो दोन्ही दिवशी ओल्या कपड्यांत घरी आला. घरी तो महिनोन्‌महिने सांगून जात होता. शिक्षिकेशी बोलल्यावर उलगडा झाला. तो ‘शू’ म्हणाला की त्या त्याच्या पायांतले बूट तपासत होत्या. ‘भूर’ म्हणाला की, थंडी वाजल्यावर इंग्रजीत ‘ब्र्र’ म्हणतात तसे वाटून, स्वेटर चढवत होत्या, आणि बाहेर जायला मिळत नाही म्हणून तो रडत होता. ती शिक्षिका स्वतः व्हिएतनामी घरातली होती. तिने मला दोष दिला नाही. तो रोज वापरतो ते शब्द लिहून द्या, एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही बारा शब्द काढले: शू, शी, भूर, कडेवर, गाई, मम्मं, पाणी, दुखतंय, नको, अजून, आई, आजी. प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षरांत उच्चार आणि अर्थ लिहिला. ‘कडेवर’पाशी थांबलो, कारण नुसते उचलून घेणे म्हणजे कडेवर घेणे नव्हे, शेवटी मुलाला कंबरेवर घेतलेला माझा फोटो चिकटवला. तो कागद खोलीच्या दारामागे लागला. त्या वयोगटात चार मुलांमागे एक शिक्षिका असते, त्यामुळे तो सगळ्यांच्या वाचनात आला. तिसऱ्या आठवड्यात मुलगा कोरड्या कपड्यांत घरी आला.

ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या बालशिक्षण आराखड्यात मुलाच्या घरच्या भाषेला मान आहे, हे मला नंतर समजले. इथल्या काही मराठी घरांत मुलांशी इंग्रजीतच बोलायचा सल्ला मिळतो. माझे मत स्पष्टपणे त्याच्या विरुद्ध आहे. मुलाची भाषा लपवली की त्याची गरजही लपते.

जानेवारीत तो तीन वर्षांचा झाला आणि त्याच केंद्रात त्याचे किंडर, म्हणजे शाळेआधीचा बालवर्ग, सुरू झाले. राज्य सरकारच्या मोफत किंडर योजनेतून वर्षाला सुमारे २,००० डॉलरची सवलत मिळाली. या वेळी भाषेच्या रकान्यात मी फक्त ‘मराठी’ लिहिले आणि नवा कागद जोडला. त्यात ‘शू’ नव्हता, कारण ते तो आता इंग्रजीत सांगतो. ‘कडेवर’ तसाच ठेवला आहे.