डोमुस म्हणजे घर

लॅटिन शिकताना ‘डोमुस’ या नामापाशी मी दोन दिवस अडकले होते. शब्दाच्या शेवटी ‘उस’, म्हणून पुल्लिंगी धरलं, निघालं स्त्रीलिंगी! चालतं चौथ्या गणाप्रमाणे (गण म्हणजे सारखी रूपं होणाऱ्या नामांचा गट), पण मधूनच दुसऱ्या गणाची रूपं घेतं.

मला मात्र भावलं ते वेगळंच. ‘डोमी’ म्हणजे घरी, ‘डोमुम’ म्हणजे घराकडे, ‘डोमो’ म्हणजे घरून. सोबत अव्यय लागतच नाही. लॅटिनमधली अधिकरणाची, म्हणजे ‘कुठे’ ते सांगणारी, जुनी विभक्ती जवळजवळ लोपली. गावांची नावं आणि अशा मोजक्या शब्दांतच टिकली. आपणही ‘बागेत’, ‘खोलीत’ म्हणतो, पण ‘घरात’च्या जोडीला ‘घरी’ अजून जिवंत आहे. वहीत ‘डोमी’समोर ‘घरी’ लिहिलं आणि दोन्हींतला ईकार कितीतरी वेळ बघत बसले. शिवाय ‘दंपती’तला ‘दम्’ म्हणजेही घरच, डोमुसचा सख्खा नातलग.