माउली, पाय दाखवा

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. आषाढीइतका गाजावाजा या वारीचा होत नाही, पण नाशिक जिल्ह्यात विचाराल तर हीच आपली घरची वारी. सिन्नर, निफाड, येवला, अहिल्यानगर, कुठून कुठून दिंड्या येतात. आमची निफाडकडून निघते. चांदोरी, ओढा, शिलापूर करत नांदूर नाक्यावरून नाशकात शिरायचं, मग सातपूर ओलांडून महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी आणि त्र्यंबक. पाऊस नाही, चिखल नाही. आहे ती थंडी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली गेल्याची बातमी बहुतेक याच दिवसांत पेपरात असते. पहाटे काकड्याला उठलं की टाळांच्या आधी टाचेच्या भेगा बोलू लागतात.

दिंडीत एक मावशी आहेत, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मुक्कामाला पोचून डोक्यावरची तुळस खाली उतरली की त्यांचा पुकारा सुरू होतो, “माउली, पाय दाखवा!” बायका लुगड्यात पाय ओढून घेतात. दिंडीत पायांना नमस्कार करायचा, ते कुणाच्या पुढ्यात पसरायचे नाहीत. मावशी ऐकत नाहीत. बॅटरीच्या उजेडात तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं पाहतात.

फोड काही एकदम येत नाही. आधी एका जागी चुरचुरतं, तिथं गरम लागतं. घामानं ओली झालेली कातडी घासली जाते, वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मधे पाणी धरतं. चुरचुरायला लागल्यावर हाताशी थोडा वेळ असतो. तेवढ्यात कडेला बसायचं, मोजा काढून पाय कोरडा करायचा आणि त्या जागेवर सर्जिकल टेप सुरकुती न पडू देता चिकटवायची. पाच मिनिटांचं काम. पण अभंग रंगात आलेला असतो, रांग सोडायला माणूस लाजतो, पुढच्या विसाव्यापर्यंत रेटू म्हणतो आणि विसाव्याला लिंबाएवढा फोड घेऊन पोचतो. सोसलं म्हणजे भक्ती झाली, हा समज दिंडीत फार पक्का आहे. मला तो मुळीच पटत नाही. मावशींनी अखेर चोपदारांनाच गाठलं. आता दोन अभंगांच्या मधे तेच ओरडतात, “ज्याचं चुरचुरतंय त्यानं बसून घ्या, माउली!” चोपदारांनीच सांगितल्यावर लाजायचं कुणी?

सुईदोऱ्यावरून मात्र दर वारीत वाद होतो. फोडातून दोरा ओवायचा आणि तसाच ठेवायचा, ही जुनी रीत. पाणी निथळतं हे खरं, पण रस्त्याची घाणही त्याच दोऱ्यावरून आत जाते. मावशींचं म्हणणं, लहान फोड फोडूच नये, झाकून ठेवावा. मोठा असेल, पाय टेकूच देत नसेल, तर साबणानं पाय धुऊन निर्जंतुक सुईनं फोडाच्या कडेला टोचावं, पाणी हलकेच दाबून काढावं आणि वर स्वच्छ पट्टी बांधावी. वरची कातडी सोलायची नाही, तिच्याखालीच नवी तयार होते.

बुटांचं काय सांगायचं! वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात नवे बूट घेणारे दरवर्षी भेटतात. बूट घ्यायचेच तर महिनाभर आधी, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि चालताना आणखी. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून दुपारच्या जेवणाला जोडी बदलायची आणि ओली जोडी पिशवीला बाहेरून पिनेनं लावून टाकायची. आमची दिंडी लांबून अशी मोज्यांची तोरणं मिरवत चाललेली दिसते. नखं निघण्याच्या चार-सहा दिवस आधी कापावीत, आणि सरळ. कोपरे गोल करत आत कापली की नख मांसात रुततं.

आणखी एक गोष्ट चांदोरीच्या पुढे कुणीतरी दाखवून दिली. डांबरी रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो. सतत एकाच कडेनं चाललं की एक पाय कायम खाली पडतो, आणि संध्याकाळी एकाच बाजूचा घोटा किंवा गुडघा धरतो. कडेला सपाट मातीची पट्टी मिळाली की मी तिच्यावर उतरते.

भेगांसाठी रात्री कोमट पाणी, वजरी, मग व्हॅसलीन किंवा कोकमतेल आणि वरून मोजे. पहाटे निघताना मात्र तेल नको, पाय बुटात सरकतो.

माझं स्वतःचं दुखणं टाचेचं. शाळेत दिवसभर उभी, घरी आल्यावर ओट्यापुढे गार फरशीवर अनवाणी. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ यायची. डॉक्टरांनी सांगितलं, टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पडदा ताणला गेलाय. तेव्हापासून घरात मऊ चप्पल. उठण्याआधी अंथरुणातच टॉवेलनं पंजा अंगाकडे ओढून पोटऱ्या ताणायच्या, संध्याकाळी पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवायची. हे दिवाळीपासून रोज केलं की पौषात चालता येतं. निघायच्या आदल्या रात्री मलम चोळून काही होत नाही. वाटेत दुखण्याच्या गोळ्या एकमेकांना वाटायची पद्धत आहे, तीही मला आवडत नाही. उपाशीपोटी, पाणी कमी प्यालेलं असताना त्या पोटाला आणि किडनीला बाधतात.

एका काकांना बरीच वर्षं शुगर आहे आणि अनवाणी चालायचा त्यांचा नेम. एकदा महिरावणीजवळ मावशींनी त्यांच्या तळव्यातून बाभळीचा काटा काढला. काकांना तो लागल्याचंच कळलं नव्हतं. शुगरनं पायाची जाणीव कमी होते, जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. नेमापुढे मावशींनी वेगळाच मुद्दा काढला. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आला, सगळे पांगले आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, ही कथा काकाच कीर्तनात रंगवून सांगतात. “त्या पळापळीत नाथांच्या पायात काही होतं का नव्हतं, कुठं लिहिलंय का?” काका दोन दिवस बोलले नाहीत. आता बूट घालतात, घालायच्या आधी आत हात घालून खडा आहे का बघतात, रात्री आरशात तळवे बघतात. पाय शेकायचं पाणी आधी काकू कोपर बुडवून बघतात.

त्र्यंबकला पोचल्यावर कुशावर्तात स्नान झालं की बोटांच्या बेचक्या नीट पुसाव्या लागतात, नाहीतर त्या ओलीत चिखल्या होतात. मग दर्शनबारी. चालण्यापेक्षा हे तासन्‌तास उभं राहणं पायांना जड जातं. म्हणून टाचा उचलत, वजन या पायावरून त्या पायावर घेत राहायचं. काका जाड मोजे घालूनच बारीत होते. एका स्वयंसेवकानं हटकलं, “बाबा, मोजे काढा, फरशी स्वच्छ हाये.”

“शुगर आहे रे, बाळा.”

“मग राहू द्या. माझ्या बापालाबी हाये,” म्हणाला, आणि मावशींकडे वळून विचारू लागला, त्याच्या वडिलांच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नाही, काय करावं. मावशींनी बारीत उभ्या उभ्याच त्याला बजावलं, उद्या सकाळी पहिल्यांदा दवाखाना, मलमं-बिलमं काही नाही.